मेन स्विच

घरातली सगळ्यात गार जागा
माठाची होती.
आता तिथं बॅटरी असते,
लाकडी फळीवर, भिंतीपासून चार बोटं सुटी,
आणि माठ खिडकीत, झळांशी भांडत.

हे इरण्णानं सांगितलं म्हणून.
"पत्र्याचं घर, त्यात सोलापूरचा मे.
माणूस घाम तरी गाळतंय ओ अक्का,
हिनं काय करायचं?"

तो पहिल्यांदा आला तेव्हा
आधीची बॅटरी दोनच वर्षांत
कुशी फुगवून बसली होती.
त्यानं टोपण काढलं,
खिशातल्या छोट्या बॅटरीनं मोठ्या बॅटरीत डोकावला.
"नळाचं घातलात काय?"
मी नवऱ्याकडे बघितलं. नवऱ्यानं पंख्याकडे.

नळ आमच्याकडे पाचव्या दिवशी येतो,
रात्री दीडला नाहीतर पहाटे.
ड्रम, घागरी, कुकर, तेलाचा रिकामा डबा,
सगळं भरून उरलेलं तांब्याभर
त्यानं तिला पाजलं होतं,
दया येऊन.

नवी आली तिच्यासोबत पाच लिटरचा कॅन आला.
सासऱ्यांना पटेना.
"आपण ड्रममधलं प्यायचं,
आणि हिला शुद्ध?"
पण माणूस रंगाच्या कारखान्यात बत्तीस वर्षं काढलेला.
दुसऱ्या दिवशी स्वतःच बसले खाली,
टोपणं घट्ट लावून,
जुना टूथब्रश, गरम पाणी, खाण्याचा सोडा.
टर्मिनलवरचं हिरवट पांढरं फसफसत सुटलं.
"मोरचूद," म्हणाले, ब्रश डोळ्यांजवळ नेऊन.
"चादरीचा रंग पक्का करायला हेच टाकायचो."
त्या दिवसापासून बॅटरी त्यांची.
माझ्या टाचांची व्हॅसलिनची डबीसुद्धा.

मी शाळेचे गणवेश शिवते.
मापांच्याच वहीत मागून लिहीत येते:
तिसऱ्या टोपणाची काडी लाल रेघेला. पाणी अर्धा पेला.
रेघेच्या वर नाही. वर गेलं की उतू जातं,
फरशी खातं.
एकदा आठवी ब चा शर्ट खाल्ला.
शिंतोडा उडालेला कळलाच नाही,
धुतल्यावर भोक दिसलं, तिळाएवढं.
त्या मुलाला नवा शिवून दिला, माझ्या कापडातला.
भोकाचा आता टर्मिनल पुसायला.

तर अशी पाच वर्षं झाली.
इरण्णा काचेची नळी बुडवतो, आतला काटा बघतो,
यंदा त्याचं तोंड वाकडं.
"लाइट जात न्हाई काय तुमच्याकडं?"
नाही जात फारशी.
"तेच की. बसून बसून आतनं दगड व्हायलीय.
महिन्यातनं एकदा उतरू द्या तिला. अर्ध्यापर्यंत. पूर्ण नको."

म्हणून पहिल्या रविवारी, दिवेलागणीला,
सासरे स्टुलावर चढून मेन स्विच पाडतात.
इन्व्हर्टर टिक करतो, गुणगुणायला लागतो.
एक ट्यूब, दोन पंखे.
शिलाईची मोटर त्यावर लावायची नाही,
इस्त्री तर नाहीच.
माझे हात मांडीवर येऊन पडतात,
काय करायचं ते त्यांना ठाऊक नसतं.
मशीन थांबलं की कळतं,
मागच्या बोळात माग चालू आहेत,
खटक खटक, रविवारीही.

अंबक्का समोरून ओरडते,
तिच्याकडे लख्ख उजेड, टीव्ही चालू,
"तुमचीच गेली का काय?"
सासरे दारात उभे राहून सांगतात,
"गेली नाही. घालवलीय."
आणि ते पुन्हा सांगावं लागेल, या आशेनं
तिथंच थांबतात.

नवरा मुलीला सावलीचा ससा करून दाखवतो.
ससा येत नाही. बकरी होते.
घड्याळ बघायला कुणी उठत नाही,
इन्व्हर्टरवरचा दिवा एक एक घर उतरतो.

वहीत:
रविवार. सात चाळीस ते सव्वानऊ.
पाणी घालावं लागलं नाही.
अठरा कॉलरी राहिल्या.